कोकणात कमी पैशात युद्धपट करताय? मग बंदूक सगळ्यात शेवटी

दर दोन महिन्यांनी कोणीतरी पोरगा फोन करतो, दादा वॉर फिल्म करतोय, रत्नागिरीत नकली एके-४७ कुठे मिळेल? मी विचारतो स्क्रिप्ट झाली का, तर म्हणतो होईल हो, आधी बंदुका बघू. मग चार महिन्यांनी त्याची फिल्म येते आणि त्यात बारा पोरं समुद्रावर धावतायत, मोबाईल अॅपमधले स्फोट होतायत, मागे नारळ डुलतायत आणि शेवटी एकजण झेंड्याकडे बघत तीन मिनिटं भाषण देऊन मरतो. माणूस म्हणून तो कोण होता ते कुठेच कळत नाही.

मी स्वतः पहिल्या वेळी हेच केलं, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही. पण दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला आणि पस्तीस मिनिटांची फिल्म अकरा दिवसांत झाली. तोच क्रम खाली देतोय. स्टेप वरखाली करू नका, कारण बहुतेक घोळ क्रमातच होतो.

आधी पैशाचं. जेवढे असतील त्याचे दहा वाटे करा. तीन वाटे आवाजाला (रेकॉर्डिस्ट, माईक, नंतरचं मिक्सिंग), दोन कपडे आणि सामानाला (बंदुका यातच), दोन जेवण आणि प्रवासाला, एक कॅमेरा आणि हार्ड डिस्कला, एक परवानग्या आणि औषधपाण्याला, आणि एक वाटा हात न लावता ठेवायचा. कॅमेऱ्याला एकच वाटा का म्हणून सगळे भांडतात. भांडा. मित्राचा कॅमेरा फुकट मिळतो, चांगला आवाज फुकटात मिळत नाही.

## १. आघाडी निवडा, जी तुमच्या जमिनीशी जुळेल

लोक आधी युद्ध ठरवतात आणि मग लोकेशन शोधत फिरतात. उलटं करा. तुमच्याकडे काय आहे? सडा (कातळाचं उघडं पठार) आहे, चिरेखाणी (जांभ्याच्या दगडाच्या खाणी) आहेत, घाटाची कड आहे, खाडी आहे. बर्फ नाही, वाळवंट नाही. मग कारगिल करू नका. माणगावच्या भागातले नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले, त्यांच्यावर करायची बऱ्याच जणांना इच्छा असते. पण एक तर ती इटली आहे, आणि दुसरं म्हणजे खऱ्या माणसाची गोष्ट करायची तर घरच्यांशी बोलणं, कागदपत्रं, सगळी जबाबदारी येते. पहिल्या फिल्मला तिकडे जाऊ नका.

मी सुचवेन ते मार्च १९४४ चं सांगशाक. मणिपुरात उख्रुलच्या बाजूची टेकडी, तिथे ५० वी पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्या जोडीला मराठ्यांची चौथी पलटण, म्हणजे ४/५ मराठा लाइट इन्फंट्री. समोर जपानी. आता यात आपल्या कामाचं काय ते बघा. टेकडीवर माती थोडी आणि खाली खडक, त्यामुळे तीनेक फुटांच्या खाली मोर्चे खणताच येईनात. काटेरी तार नाही. पाण्याची मारामार. विमानातून टाकलेलं सामान बरंचसं जपान्यांच्या बाजूला जाऊन पडायचं. २६ मार्चच्या रात्री शेवटी माघार घ्यावी लागली.

कातळावर पहार मारलेल्या कुठल्याही कोकणी माणसाला हे वाचून हात दुखल्याची आठवण होईल. जांभ्यात खड्डा होत नाही, तिथेही होत नव्हता. म्हणजे तुमची अडचण हीच तिथली खरी परिस्थिती. खोल खंदक बांधायचा खर्च वाचला आणि इतिहासाशी खोटंही बोलावं लागलं नाही.

पलटणीचं खरं नाव आणि खरा बिल्ला मात्र वापरू नका. नुसती "मराठा पलटण" म्हणा, माणसं काल्पनिक ठेवा.

तपासा: निवडलेली आघाडी, महिना आणि हवामान एका ओळीत लिहून भिंतीवर लावा. सांगशाक मार्चमधलं, पावसाळ्यातलं नाही. जुलैत हिरव्यागार सड्यावर शूट करून "मार्च १९४४" लिहिलंत तर काय उपयोग.

## २. ऐकायला जा, कॅमेरा घरी ठेवून

कोकणात रिटायर्ड फौजी नाही असं गाव शोधावं लागेल. ओळख नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन सांगा, किंवा सरळ पोलीस पाटलांना विचारा, ते पाच घरं दाखवतील. १९४४ मधला माणूस आता भेटणार नाही, पण १९६५ चे, १९७१ चे आजोबा आहेत, आणि पाय ओले राहिले की काय होतं ते सगळ्या युद्धांत सारखंच असतं.

पहिल्या भेटीत मोबाईलसुद्धा बाहेर काढू नका. कॅमेरा दिसला की माणूस ताठ बसतो आणि २६ जानेवारीचं भाषण सुरू करतो, यात त्यांची चूक नाही, आपण सगळ्यांनी त्यांना तेच विचारलेलं असतं. "सुभेदारसाहेब, शत्रूला कसं मारलंत?" हा प्रश्न नको. हे विचारा: सकाळी तोंड कशाने धुवायचात, विडी रात्री कशी ओढायचात (ओंजळीत लपवून, बहुतेक सगळे हेच सांगतात), घरचं पत्र आलं की एकटे वाचायचात की सगळ्यांत, कोणाची घोरण्याची सवय होती, भात कधी मिळायचा. भाताच्या प्रश्नावर एक आजोबा माझ्याशी पाऊण तास बोलले. लढाईवर चार वाक्यं बोलले होते.

आणि आजींना विसरू नका, हे सगळेच विसरतात. मनीऑर्डर यायची तेव्हा सही कोण करायचं, पत्र वाचून कोण दाखवायचं, तार आली की पोस्टमनच्या चालण्यावरून कळायचं का. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आजच्या नटांना "तार आली" या दोन शब्दांनी घरात काय व्हायचं ते माहीतच नाही, ते आजीकडूनच शिकावं लागतं.

इशारा: एखादा माणूस गप्प झाला तर पुढचा प्रश्न टाकू नका. चहा प्या, उठा, परत आठवड्याने या.

## ३. स्क्रिप्ट: एक खड्डा, पाच माणसं, पाण्याची एक बाटली

पानं कमी ठेवा. एक जागा, एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ. पाच जणांपेक्षा जास्त नको, प्रेक्षकाला नावं लक्षात राहत नाहीत. मुख्य अडचण अशी घ्या की जी हातात धरता येते. पाणी घ्या. पाच जण, एक बाटली, आणि झरा जिथे आहे तिथे रात्री जपानीपण येतात.

मग लिहायला बसताना प्रत्येक सीनमध्ये शिपायाच्या हाताला काम द्या. बूट सोडतोय, मोजा पिळतोय, रायफल पुसतोय, नखं कापतोय. नुसते बसून बोलणारे शिपाई म्हणजे कपडे बदललेलं हौशी नाटक. एक उदाहरण देतो, घ्यायचं तर घ्या. एकालाच लिहिता येतं, तो बाकीच्यांची पत्रं लिहितो. एकजण सांगतो, "बायलेक लिही, मी बरो असय." लिहिणारा लिहितो, आणि खाली स्वतःच्या मनाने एक ओळ घालतो, ती आपल्याला दिसत नाही. नंतर घरच्या सीनमध्ये गावचे मास्तर ते पत्र वाचताना त्या ओळीवर अडखळतात. एवढंच. याला ना बंदूक लागते ना स्फोट.

पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका, रागावू नका:

खिशातला बायकोचा फोटो. १९४४ मध्ये खेड्यातल्या शिपायाकडे बायकोचा फोटो असणं अवघडच होतं. दुसरं काहीतरी शोधा, देवीचा अंगारा, सुपारी, पोराच्या जावळाची पुरचुंडी.

"जय हिंद" म्हणून सलाम. त्या काळात जय हिंद हा आझाद हिंद सेनेचा नमस्कार होता, समोरच्या बाजूचा. ब्रिटिशांच्या फौजेतला मराठा शिपाई "राम राम" म्हणेल. आणि हो, हा शिपाई ब्रिटिशांच्या फौजेत होता, पगारासाठी, घरच्या कर्जासाठी गेला होता. हे लपवू नका, त्याच्या तोंडी स्वातंत्र्यावरचं भाषण घालू नका. हा अवघडपणा फिल्ममध्ये राहू दे.

हुद्दे. १९६५ पर्यंत "नायब सुभेदार" हा हुद्दा नव्हता, जमादार म्हणायचे. क्रम असा: शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार.

भाषा. पाचही जण पुण्याच्या न्यूज चॅनलसारखे बोलतात. एक मालवणी ठेवा, एक संगमेश्वरी, एक घाटावरचा, आणि हुकूम येतील ते हिंदुस्तानीत. मालवणी माणूस अर्धमेला झाला तरी "माका घोटभर ठेव रे" असंच म्हणेल.

शत्रू. जपानी दाखवायला नट आणायच्या भानगडीत पडू नका. अंधारात फक्त आवाज ठेवा, कोणीतरी खोकतंय, कोणीतरी भांडं घासतंय. आपला शिपाई ते ऐकून म्हणतो, "तेंका पण तहान लागली असतली." बास झालं.

तपासा: स्क्रिप्टमधले सगळे गोळीबार पेनाने खोडा आणि वाचा. गोष्ट तरी उभी राहते का? नसेल तर परत लिहा, अजून लोकेशन बघायला जाऊ नका.

## ४. लोकेशन: चिरेखाण, सडा आणि नको असलेले माड

खड्ड्यासाठी जुनी, बंद पडलेली चिरेखाण शोधा. मशीनने कापलेली खाण चालत नाही, भिंतीवर करवतीच्या सरळ रेषा असतात आणि कॅमेऱ्यात ती भिंत बाथरूमसारखी दिसते. हाताने काढलेली जुनी खाण असेल तर टिकावाचे घाव दिसतात, ते हवेत. एकच कोपरा वापरायचा, कंबरेएवढ्या उंचीची पायरी असेल तिथे, वर दगडांची आणि गोणपाटाची पाळ रचायची, लाल माती पसरायची. गोणपाटच हं, युरियाच्या पांढऱ्या प्लास्टिक गोण्या उलट्या करून वापरलेल्या मी बघितल्यात, उन्हात चमकतात.

खाण मालकाची लेखी परवानगी घ्या. पाणी साठलेली खाण नको, कितीही सुंदर दिसली तरी. कडेपासून दोन माणसांएवढं अंतर सोडून चुन्याची रेघ मारा, रात्री त्या रेघेपलीकडे कोणी जायचं नाही, डायरेक्टरपण नाही.

आता माड. सांगशाकच्या टेकडीवर नारळ, सुपारी आणि हापूसची कलमं नव्हती. फ्रेमच्या कोपऱ्यात एक झावळी आली की सगळं संपलं. म्हणून वाईड शॉट किनाऱ्याजवळ घेऊच नका, त्याला आत घाटाकडे जा, ऐन, किंजळ, बांबू असलेली कड बघा. जंगल खात्याची जमीन असेल तर त्यांची परवानगी आधी, झाड तोडणं तर विषयच नाही.

इशारा, हा मनावर घ्याच: राजापूर, रत्नागिरी भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ ही माहीत असलेली, पण गवताखाली, मातीखाली अजून किती असतील. त्यातली काही २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. खिळ्यांचे बूट घालून वीस माणसं त्यावर धावली तर हजारो वर्षांची रेघ एका टेकमध्ये जाईल. आधी गावातल्या माहितगार माणसाबरोबर चालून या, संशय आला तर जागा सोडा. पहार, खिळा, पेग काहीही कातळात मारायचं नाही.

दुसरा धोका फुरशाचा. कातळावर दगडाखाली फुरसं बसलेलं असतं, लहान असतं, दिसत नाही, आणि तुमचे नट रात्री तिथेच पालथे पडून राहणार असतात. रोज शूटिंगच्या आधी काठीने दगड हलवून बघायचे, हाताने नाही. सर्पदंशाचं इंजेक्शन असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं ते आधीच जाऊन विचारून या, आणि एक गाडी कायम तोंड रस्त्याकडे करून उभी ठेवा.

आवाजासाठी एक दिवस नुसतं जाऊन बसा. शेजारची खाण चालू असेल तर चिरा कापायच्या मशीनचा आवाज दिवसभर येतो. कोकण रेल्वेचा हॉर्न पाच किलोमीटरवरूनपण येतो. सड्यावर वारा दुपारनंतर वाढतो. वेळा लिहून ठेवा.

## ५. परवानग्या, विशेषतः बंदुका दिसणार असतील तर

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांआधी हत्यारं आणि आरडीएक्स आपल्याच किनाऱ्यावर, शेखाडी आणि दिघीला उतरलं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बोट लागली, त्यात रायफली निघाल्या. आपल्या किनाऱ्यावरचा माणूस समुद्राकडून हत्यारं घेऊन येणारी माणसं बघून टाळ्या वाजवणार नाही, पोलिसांना फोन करेल, आणि करायलाच पाहिजे. आमच्या पहिल्या फिल्मला आम्ही फक्त सरपंचांना सांगितलं होतं, शेजारच्या वाडीला कोणी सांगितलंच नव्हतं. तीन तास चौकशीत गेले आणि संध्याकाळचा उजेडपण गेला.

म्हणून लेखी पत्र, तारीख, वेळ, माणसांची संख्या, नकली हत्यारांचे फोटो: पोलीस ठाणं, ग्रामपंचायत, पोलीस पाटील. किनारा किंवा जेट्टी असेल तर मेरीटाईम बोर्डाचं बंदर कार्यालय. शूटिंगच्या परवानग्यांसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, ती आधी बघा, बऱ्याच गोष्टी तिथून होतात. किल्ला हवा असेल तर सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे केंद्रीय पुरातत्व खात्याकडे आहेत, तिथे वेळ लागतो. खरं सांगू, या गोष्टीला किल्ला लागतच नाही, मोह सोडा.

वर्दीचं वेगळं. सैनिक नसताना लोकांना सैनिक वाटावं म्हणून वर्दी घालणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहिता कलम १६८. नटाला सेटवर काही होत नाही, पण तोच नट वर्दीत टपरीवर वडापाव खायला गेला, रील टाकली, तर उत्तर द्यावं लागेल. वर्दी सेटवर घालायची, सेटवर काढायची. आजच्या सैन्याची गोष्ट करणार असाल तर संरक्षण मंत्रालयाकडून आधी ना हरकत घ्या, २०२० पासून त्यांनी ते मागितलेलं आहे. ड्रोन लागणार असेल तर डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर झोन बघा, चिपी आणि रत्नागिरीच्या विमानतळांच्या आसपास तर नक्की.

## ६. कपडे आणि सामान

बर्मा आघाडीवर १९४४ ला साधा हिरवा जंगल ग्रीन. छापील चट्ट्यापट्ट्यांचा कॅमोफ्लाज बाजारात मिळतो म्हणून आणाल तर पहिल्या फ्रेमला पकडले जाल. टेलरकडून जाड सुती हिरव्या कापडाचे शर्ट-पॅन्ट शिवून घ्या, थोडे ढगळ, कारण सरकारी माप कोणालाच बसत नाही. डोक्यावर थाळीसारखं पसरट लोखंडी हेल्मेट किंवा रुंद काठाची हॅट.

प्रत्येक नटाचे तीन सेट: स्वच्छ, मळका, फाटका. एकच सेट मळवत नेला की सीन उलटसुलट शूट करता येत नाहीत. मळवायची पद्धत: चहाच्या पाण्यात उकळा, उन्हात वाळवा, कोपरं आणि गुडघे जांभ्याच्या दगडावर घासा, मग लाल मातीचं पातळ पाणी. उलट क्रमाने केलंत तर माती धुऊन जाते. मानेला आणि काखेत घामाचा डाग मिठाच्या पाण्याने येतो. बूट नटांना पंधरा दिवस आधी द्या आणि घालूनच फिरायला सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड.

आता बंदुका, एकदाच्या. थ्री नॉट थ्री लाकडाची बनवून घ्या, गावातला चांगला सुतार आणि एक पाईप, पाच रायफली होतात. नळी पुढून बंद करून घ्या. खरी बंदूक, परवान्याची काडतूस बंदूक, ब्लँक (बिनगोळीचं काडतूस), काही नको. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोला एका सेटवर, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या बजेटच्या, खरी गोळी निघाली आणि कॅमेरा करणारी बाई गेली. आपल्याकडे तर तेवढं बघणारंही कोणी नसतं. नळीच्या तोंडाची ज्वाळा एडिटमध्ये दोन फ्रेमची टाकायची, आणि नटाने खांद्याला धक्का स्वतः द्यायचा. वजन मात्र हवं, दस्त्यात शिसं किंवा लोखंडी पट्टी घाला, हलकी बंदूक धरणाऱ्याच्या हातातून लगेच कळते.

रक्तासाठी कोकमाचं आगळ नको. कोणाला तरी दरवेळी ही आयडिया सुचतेच. कॅमेऱ्यात ते जांभळट गुलाबी दिसतं, त्यात मीठ असतं म्हणून खरचटलेल्या जागी झोंबतं, आणि दहा मिनिटांत मुंग्या. मैद्याची पातळ खळ, खायचा लाल रंग, चिमूटभर कॉफी पावडर.

धुरासाठी ओला पेंढा जाळू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावरचं गवत म्हणजे बंदुकीची दारू, एक ठिणगी आणि खाली कोणाची तरी काजूची बाग. भाड्याचं फॉग मशीन आणा, आणि धुळीसाठी चाळलेली माती पंख्यासमोर.

तपासा: सगळे कपडे, हेल्मेट, बंदुका घालून नटांचे फोटो काढा आणि स्टेप २ मधल्या आजोबांना दाखवा. पट्टा उलटा, बटण उघडं, हे त्यांना आधी दिसतं.

## ७. नट: दशावतारी घ्या, पण आवाज खाली आणा

सिंधुदुर्गात दशावतारी कलाकार आहेत, रत्नागिरीकडे नमन-खेळेवाले. त्यांना पाठांतर न करता बोलता येतं, दमत नाहीत, रात्र जागायची सवय आहे. अडचण एकच, त्यांचा आवाज शेवटच्या रांगेसाठी तयार झालेला असतो. यावर उपाय: नटाला त्याच्या शेजाऱ्याच्या कानात डायलॉग सांगायला लावा, आठवडाभर, कुजबुजत. शत्रू चाळीस पावलांवर आहे हे मग आपोआप येतं.

तालमीचा एक दिवस आणि एक रात्र पाचही जणांना खाणीत, बुटांसकट, मोबाईल काढून, मोजकं पाणी देऊन ठेवा. मोजकं म्हणजे सीनमध्ये मोजकं, बाजूला कॅन भरलेला ठेवायचा, ऊन लागून कोणी आडवं झालं तर ती कला नाही, गाढवपणा आहे. त्या रात्री ते एकमेकांना जी नावं पाडतील, जे जोक मारतील, ते लिहून घ्या. आमच्या फिल्मचा सगळ्यात चांगला डायलॉग असाच आला.

तारखा: एप्रिल-मेमध्ये आंब्याचं काम असतं, जुलैत भातलावणी, गणपती आणि शिमग्याला कोणीच हातात नसतं, दशावतारी मंडळी कार्तिकापासून रोज रात्री कुठल्यातरी जत्रेत. म्हणजे नटांच्या तारखा आधी, मग कॅमेऱ्याच्या.

## ८. घरचा सीन आणि भरती-ओहोटीचं गणित

शिपाई गाव सोडून जातो तो सीन एसटी स्टँडवर घेऊ नका. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला सुटली, तीही पुणे-नगर. कोकणातला माणूस तेव्हा आगबोटीने मुंबईला जायचा, बोट लांब उभी राहायची आणि पडाव (होड्या) माणसं नेऊन सोडायचे. तुम्हाला आगबोट लागत नाही. लाकडी होडी, त्यात चार माणसं, काठावर बायको, आणि लांबून भोंगा. फायबरची होडी, निळी ताडपत्री, विजेचे खांब, टॉवर फ्रेमबाहेर. इथे माड चालतील, इथे हवेतच.

वेळ काढायची जुनी रीत: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराला ओहोटी. द्वितीयेला दीडच्या सुमाराला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला ओहोटी. आता बघा, होडी पाण्यावर डुलत निघायला हवी असेल पहाटे तर अष्टमीच्या आसपास जा, आणि ओल्या वाळूवर एकटी बाई लांबपर्यंत चालत जायला हवी असेल कोवळ्या उन्हात तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या प्रतिपदा-द्वितीयेला. उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) पाणी खूप आत-बाहेर होतं, भांगाला (अष्टमीच्या आसपास) कमी. रोज वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते, म्हणून सीन दोन दिवसांत तोडलात तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाणी तिथे नसतं. बायकोच्या पायापाशी लाट, पुढच्या कटला लाट पन्नास पावलं मागे, हे माझ्याच फिल्ममध्ये आहे, कोणी विचारलं तर वेळ गेला असं सांगतो.

हा अंदाज झाला, छापील तक्ता बघा आणि त्याच वाडीतल्या मच्छीमाराला विचारा, खाडीत वेळ थोडी बदलते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसं मोकळी, पण समुद्र चढलेला, नट पाण्यात उतरवायचे नाहीत.

## ९. शूटिंगचा क्रम

१. पहिला दिवस कॅमेरा न लावता फक्त आवाज. झऱ्याचा, बुटांचा, रायफलच्या बोल्टचा (तो दाराच्या जुन्या कडीने छान येतो), पाचही जणांचा श्वास, कुजबुज, खोकला. हे शेवटावर ढकललं की होतच नाही.

२. मग दिवसाचे शांत सीन, स्वच्छ कपड्यातले.

३. संध्याकाळचे. दिवस मावळल्यावर वीसेक मिनिटं तो निळा उजेड असतो, रोज एकच शॉट त्यात घ्या, दोन घ्यायला गेलात की दोन्ही जातात. बाकी रात्र दिवसा करायची: कॅमेरा उन्हाकडे तोंड करून, आकाश फ्रेमबाहेर, व्हाईट बॅलन्स ३२०० ला, एक्सपोजर दीड-दोन स्टॉप खाली. खड्ड्यात कंदील लावू नका, आघाडीवर कोणी लावत नाही.

४. पाण्याच्या बाटलीचा मोठा सीन सातव्या-आठव्या दिवशी, तोपर्यंत पोरं खरंच एकमेकांना कंटाळलेली असतात.

५. जखम, मरण, फाटके कपडे सगळ्यात शेवटी.

गोळीबाराच्या वेळी कॅमेरा शत्रूकडे वळवायचा मोह होतो. वळवू नका, तो खड्ड्यातच ठेवा, चेहऱ्याच्या उंचीवर. २५ फ्रेम, शटर १/५०, आपल्याकडच्या विजेच्या दिव्यांना तेच बरं.

रोज रात्री तपासा: फुटेजच्या दोन कॉपी, दोन वेगळ्या माणसांच्या घरी. लेन्स सिलिका जेलच्या डब्यात, खारी हवा आणि दमट हवा दोन्ही लागली की बुरशी धरते. एसी गाडीतून काढलेला कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्या. बंदुका, पट्टे, हेल्मेट मोजून पेटीत, एक लाकडी बंदूक जरी सड्यावर राहिली तरी सकाळी गुराख्याची पळापळ आणि तुमची चौकशी.

## १०. एडिट

पहिला कट संगीताशिवाय लावा. जिथे कंटाळा येतो तिथे तुतारी नको, कात्री लावा. स्फोटाचा आवाज मोठा करण्यापेक्षा त्यानंतरची शांतता लांबवा, आणि त्यात खोकला, पाणी, कोणीतरी कोणाला तरी हळूच हाक मारतंय. सुतळी बॉम्ब जवळून रेकॉर्ड केला तर आवाज फाटतो आणि दिवाळीच वाटते. खाणीत तांदळाचं पोतं उंचावरून टाका, त्याचा आवाज दोन सूर खाली आणा, लांबच्या तोफेला पुरतो.

फायनल मिक्सच्या दहा दिवस आधी फिल्म स्टेप २ मधल्या सुभेदारांच्या घरी लॅपटॉपवर दाखवा, आजींनाही बसवा. तुम्ही स्क्रीनकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा आणि वहीत वेळ लिहीत जा, कुठे हसले, कुठे बाहेर अंगणाकडे बघायला लागले, कुठे "असं नसतं रे" म्हणाले. आमच्या वेळी आठव्या मिनिटाला ते म्हणाले, बूट काढून झोपलाय तो, आघाडीवर कोण काढतं बूट? तो शॉट काढला. दहा दिवस एवढ्यासाठीच हातात ठेवायचे.